‘बोंबअळी’ लिहिली की गर्दी, ‘बोंडअळी’ लिहिली की शुकशुकाट

तिफनवाला (दर्यापूर तालुका)

आमच्या गावाचं एक पेज मी चालवतो. कापूस, तूर, सोयाबीनचे भाव, पावसाचा अंदाज, ग्रामसभेची तारीख, कुणाची बैलजोडी विकायची असली तर तिचा फोटो. वाचणारे पुष्कळ, पण बोलत कोणी नाही. पारावर तासभर भांडतील, पेजवर साधा अंगठा उमटवणार नाहीत.

कपाशी बोंडावर आली तेव्हा ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे व्यवस्थापन’ अशी पोस्ट टाकली. कृषी सहायकांना विचारून, नीट, मुद्देसूद. शुकशुकाट. मग त्याच मजकुराला ‘यंदा कपाशीवर बोंबअळी’ असं शिर्षक लावून पुन्हा टाकली. कमेंटांचा पाऊस! निम्मे लोक ‘अहो, बोंडअळी म्हणा’ हे सांगायला आले. उरलेल्यांना बोंब बरोबर ऐकू गेली. फवारणीचा खर्च, विम्याचा पंचनामा, फरदड (वेचणीनंतर तशीच उभी कपाशी) ठेवावी की पऱ्हाटी उपटावी, सगळं निघालं.

चटक लागली. ‘हमीभाव’चा ‘कमीभाव’ केला. वरुड-मोर्शीकडच्या पाहुण्यांसाठी गळणाऱ्या आंबिया बहाराचा फोटो टाकून ‘संत्रा नव्हे, संत्रास’ लिहिलं. चाललं. मग नुसतीच गंमत म्हणून ‘सोयबिनचे बाजार भव’ लिहून पाहिलं, ज्यात काही अर्थ नाही, फक्त चूक. तेही चाललं! पण त्याखाली जमलेले सगळे दुरुस्त्या करणारे. सोयाबीन कितीला गेलं हे एकानंही विचारलं नाही.

मित्र म्हणतात, कमेंट ती कमेंट, कुठूनही येवो. मलाही वाटतं, एका वेलांटीनं चार माणसं येत असतील तर वेलांटी गेली उडत. तुम्हाला काय वाटतं? विशेषतः आपल्या भागात पेज, चॅनेल, ग्रुप चालवणाऱ्यांनी सांगा.

वेलांटी

‘शिर्षक’ नव्हे, ‘शीर्षक’.

पानठेला

घ्या भाऊ, बोहनी झाली.

निवृत्त_बाई

मी आयुष्यभर खेड्यातल्या शाळांत मराठी शिकवलं, तेव्हा लाल पेन हातात घेऊनच आले आहे असं समजा. तरी तुमची ‘बोंबअळी’ मला आवडली. ‘सोयबिनचे बाजार भव’ मात्र नाही. का, ते सांगते.

आपले लेखनाचे नियम काही वेदकाळापासून आलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार असे अठरा नियम ठरवले. त्यात एक साधा नियम आहे: मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ. म्हणून पीक, तूर, मूग, उडीद, सूत. विभक्ती लागली की तो ऱ्हस्व होतो: पिकाला, तुरीचा, मुगाची, सुताचा. शेतकऱ्याच्या तोंडी रोज असलेले शब्द, आणि बोर्डावर नेमके तेच चुकतात.

आता गंमत पाहा. ‘पिक’ हा संस्कृत शब्द आहे, अर्थ कोकीळ. ‘सुत’ म्हणजे मुलगा. त्यामुळे जिथे जिथे ‘पिक विमा’ असा फलक लागलेला असतो तिथे कोकिळेचा विमा उतरवून मिळतो, आणि ‘सुतगिरणी’त पोरं कातली जातात. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला तेव्हा गावोगाव हा फलक झळकला होता. वर्गात मी हे सांगितलं की मागच्या बाकावरचाही हसायचा आणि पुन्हा ते चुकायचा नाही.

पण ती चूक लिहिणाऱ्याला माहीत नसते. माहीत असून केलेली चांगली चूक कशी असते? १ जुलैला, वसंतराव नाईकांच्या जयंतीला, आपल्याकडे कृषी दिन असतो. एका वर्षी एका विद्यार्थ्याने शाळेच्या फळ्यावर लिहिलं, ‘आज कृषी दीन’. मी पुसायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. त्याच्या बापाचं वावर त्या वर्षी दुबार पेरणीत गेलं होतं. त्या दीर्घ वेलांटीत जेवढं होतं तेवढं माझ्या भाषणात नव्हतं.

तर तिफनवाला, तुमच्या ‘बोंबअळी’त, ‘कमीभाव’त, ‘संत्रास’मध्ये दुसरा अर्थ उघडतो. ‘बाजार भव’मध्ये काय उघडतं? फक्त माझ्यासारख्यांचा राग.

इहीर

बाई, तुमचं म्हननं पटलं, पन एक गोष्ट राहून गेली.

आमची बुढी ‘पानी’ म्हन्ते, ‘डोया’ म्हन्ते, ‘इहीर’ म्हन्ते. हे चूक नोहे. आमच्याकडे ‘ळ’ चा ‘य’ होते अन् ‘ण’ चा ‘न’ होते, पिढ्यान्पिढ्या. आता हे रीलवाले पोट्टे काय करते? मुद्दाम ‘पानी’ लिहिते, ‘काहून बे’ लिहिते, खाली हसन्याची तोंडं टाकते, अन् कमेंटा मोजते. शहरातला मानूस येते, ‘पाणी असतं ते’ म्हून दुरुस्त करते. हशा कोनावर झाला? रील काढनाऱ्यावर नाई झाला. माह्या बुढीवर झाला.

भाची पुन्यात शिकाले गेली. पयल्याच आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर तिनं लिहिलं, ‘मी येऊन राह्यली’, म्हंजे ‘मी येत आहे’. खाली हसऱ्या तोंडाची रांग. एकानं लिहिलं, ‘येऊन कुठे राहिलीस?’ आता ते पोरगी ग्रुपवर इंग्रजी लिहिते. घरी फोन केला तरी पयले दोन वाक्यं पुस्तकावानी बोलते, मंग हयूहयू आपल्या भाषेवर येते.

चुकीले गिऱ्हाईक हाय हे मान्य. पन चूक कोनती अन् बोली कोनती, हे वाचनाऱ्याले कसं समजन? त्याले तर दोन्ही सारखेच दिसते.

तिफनवाला

इहीर भाऊ, तुमचं खरं आहे, पण माझी अडचण उलटी आहे. मी पेजवर कधी सरळ वऱ्हाडीत लिहिलं, गंमत म्हणून नव्हे, आपलं म्हणून, तरी ‘शुद्ध लिहा’ म्हणणारे येतातच. आणि त्यातले बरेच आपल्याच जिल्ह्याचे. मास्तर झालेले, बँकेत लागलेले. म्हणजे बोली लिहिली तरी चूक धरतात, चूक लिहिली तरी धरतात. मग निदान चुकीचा फायदा का सोडू?

निवृत्त_बाई

वाचणाऱ्याला कसं कळेल, याला उत्तर आहे. बोलीला नियम असतो, नकलेला नसतो. वऱ्हाडी माणूस ‘मले भूक लागली’ म्हणतो. ‘मले जातो’ असं कोणी कधी म्हणत नाही, कारण तिथे ‘मी’च लागतो. रीलमधली नकली वऱ्हाडी पाहा, प्रत्येक शब्दाला ‘ले’ चिकटवलेला आणि प्रत्येक वाक्याला ‘बे’. घरात थोरल्या माणसाला कोणी ‘बे’ म्हणतं का? म्हणून पाहा, मग काय होतं ते इथे कळवा.

इहीर यांच्या प्रतिसादात मी लाल पेन लावून पाहिलं. ‘पन’, ‘म्हन्ते’, ‘कोनती’, ‘हयूहयू’, सगळीकडे एकच रीत पाळली आहे. याला अशुद्ध म्हणणाऱ्याला व्याकरण येत नाही.

इहीर

बाई, एवढे मार्क मले शाळेत कवाच भेटले नाई.

की_बोर्ड (कारंजा लाड)

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे तांत्रिक बाजू मांडतो.

पहिली गोष्ट, अर्ध्या चुका माणसाच्या नसून की-बोर्डाच्या असतात. ‘वऱ्हाड’ घ्या. र ला हलन्त देऊन ह जोडला तर रफार वर चढतो आणि ‘वर्हाड’ होतं. बरोबर यायला नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो, तो पुष्कळांना सापडतच नाही. ‘पऱ्हाटी’, ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांचं तेच. गिऱ्हाईक विचारतं, ‘भाऊ, हा र डोक्यावर काहून चढते?’ र दाबून धरा, बऱ्याच की-बोर्डांत खालून वर येतो. नाहीतर ‘शेतकर्यांना’ असंच जातं, आणि लोक समजतात लिहिणारा अडाणी.

दुसरी, तिफनवालांच्या युक्तीला इंटरनेटवर जुनं नाव आहे, कनिंगहॅमचा नियम. वॉर्ड कनिंगहॅम म्हणजे १९९५ मध्ये पहिलं विकी सुरू करणारा माणूस. नियम असा की, बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका. दुरुस्त करायला लोक धावत येतात. आणि फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब यांच्या यंत्राला लोक धावत का आले ते समजत नाही. कमेंट आली, पोस्ट पुढे सरकली. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं होतं की ‘लाइक करा, शेअर करा, मित्राला टॅग करा’ असा जोगवा मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलू. मुद्दाम चुकवलेली वेलांटी जोगवा मागत नाही. ती गुपचूप उभी राहते, आणि तुम्ही आपणहून खिशात हात घालता.

तिसरी गोष्ट तोट्याची. पुढच्या वर्षी कोणी ‘सोयाबीन भाव’ शोधलं तर ‘सोयबिन बाजार भव’ सापडेलच असं नाही. ‘बोंबअळी’चं तसंच. आज गर्दी होईल, पण गरज असेल तेव्हा पोस्ट हाती लागणार नाही. खाली मजकुरात एकदा तरी बरोबर शब्द लिहित जा.

वेलांटी

‘लिहित’ नव्हे, ‘लिहीत’.

सेतू_ताई (पुसद तालुका)

मी गावात सेवा केंद्र चालवते. मला हा धागा वाचून हसू कमी आलं आणि काळजी जास्त वाटली.

पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) फिरते. ‘तुमचा हप्ता अडकला आहे, खालील ॲप डाउनलोड करा’. उघडली की मोबाइल दुसऱ्याच्या हातात. माझ्याकडे येणाऱ्या काका-मावश्यांना मी इंग्रजी पत्ता, डोमेन वगैरे समजावत बसले तर संध्याकाळ होईल. म्हणून सोपी खूण सांगते: भाषा पाहा. ‘आपला हफ्ता बंध झाला’, ‘तात्काळ केवाईसी करे’ असं मोडकंतोडकं दिसलं की हात लावू नका, आधी मला दाखवा. ही खूण पक्की नाही, अलीकडे ठगही चांगलं मराठी पाठवतात. पण जेवढ्यांना वाचवते तेवढ्यांना वाचवते.

आता गावाची चांगली, खरी पेजंच मुद्दाम मोडकं लिहू लागली तर या लोकांची नजर बसणार कशी? काल एक मावशी म्हणाल्या, ‘अवं ताई, आपल्या गावच्या पेजवर बी असंच तर लिवते, मले वाटलं आपल्याच पोट्ट्यानं धाडलं.’ फाइल उघडली नव्हती, नशीब.

की_बोर्ड

ताई, यावर एक शोधनिबंध आठवला. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये लिहिला. प्रश्न असा की, नायजेरियाचे ठग आपण नायजेरियाचेच असं का सांगतात? तो देश तर अशा ई-मेलसाठी बदनाम. त्यांचं उत्तर: मुद्दामच. शहाणी माणसं पहिल्या ओळीतच हसून निघून जातात, भोळी तेवढी उरतात, आणि ठगाचा वेळ वाचतो. म्हणजे त्याला गर्दी नकोच असते, गाळून घ्यायचं असतं. तिफनवालांना उलट गर्दी हवी. साधन मात्र दोघांचं एकाच जातीचं.

तिफनवाला

भाऊ, मला ठगाच्या रांगेत बसवलं की हो.

राजाभाऊ_पार्टीवाले (ब्रह्मपुरी)

आमी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले नाटकवाले. दिवारीपासून उन्हारा लागेपर्यंत रोज रात्री एका गावात. मुद्दाम चुकीचं बोलून लोक बसवून ठेवनं हा आमचा धंदाच आहे गा, तवा दोन शब्द सांगतो.

नाटकात इनोदी पात्र असते, ते ऐकते एक अन् समजते भलतंच. पाटील म्हनते, ‘अरे, साहेब येनार, सगळ्यांना सूचना दे.’ हा गडी गावभर फिरून परत येते अन् सांगते, ‘मालक, सगळ्या सुनांना दिल्या. सासवा म्हनतेत, आमाले काहून नाही?’ मंडप हसते. का हसते? कारन ‘सूचना’ हा शब्द मंडपातल्या बुढ्यालेबी ठाऊक आहे. जो शब्द लोकायले ठाऊकच नाही, तो चुकवून कोन हसन?

अन् दुसरं, चुकनारा सोता येडा ठरते, पन शेवटी पाटलाले तोच कोंडीत पकडते. म्हनून लोक त्याच्यावर नाही, त्याच्यासंगं हसतेत. इहीरभाऊ म्हनते तो राग इथंच आहे. रीलमंधी चुकनारा जिंकत नाही, नुसता मार खाते.

पानठेला

मुद्दाम लोक बोलते करायची कला गाडगेबाबांची. कीर्तन म्हणजे नुसते प्रश्न. बाबा साध्या वऱ्हाडीत विचारत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपलंच कसं चुकतं ते त्यांना कळत जाई. त्यांचं जन्मगाव शेंडगाव आमच्यापासून लांब नाही. जुन्या माणसांकडून ऐकलंय, कीर्तनात गप्प बसणं कठीण व्हायचं. तिथं चुकवलेल्या वेलांटीची गरज पडली नाही.

पऱ्हाटी (राळेगाव)

हसणं-खेळणं ठीक. आकड्याचं काय?

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. एका पेजनं तो मुद्दाम ८,०११ लिहिला. हेतू तोच, लोक दुरुस्त करायला येतील. आलेही. पण आमच्या गावात खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्यानं मोबाइल काढून तीच पोस्ट दाखवली. ‘हे पाहा, तुमच्याच माणसानं लिहिलंय.’ वजनकाट्यापाशी उभा असलेला म्हातारा खाली कमेंटा वाचत बसेल का? क्विंटलमागं शंभराच्या आसपास घोळ. वरून ओलाव्याची कट्टी वेगळी.

आणि औषधाच्या मात्रेत तर अजिबात नको. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली ते आम्ही पाहिलंय. मिली आणि लिटरच्या जागी गंमत करणाऱ्याला मी पेजवर नाही, बांधावर भेटेन.

बाकी चूक न करताही लोक येतात. मी ‘कामगंध सापळे कसे लावावेत’ अशी पोस्ट टाकली. एकही वेलांटी चुकली नव्हती. गावातली यच्चयावत पोट्टे मंडळी येऊन गेली, कारण शब्दच तसा. आले, हिरमुसले, पण निम्म्यांनी वाचलं: हेक्टरी पाच सापळे, आत मादी पतंगाच्या वासाची गोळी, नर येऊन अडकतात, सलग तीन रात्री सापळ्यामागं रोज आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा. तुमच्या कमेंटा मला त्या पतंगांसारख्या वाटतात. मोजून अंदाज येतो, पण पतंग मोजले म्हणून बोंडं वाचत नाहीत.

तिफनवाला

आकड्याचं शंभर टक्के मान्य. भाव, तारीख, मात्रा यांना मी कधी हात लावला नाही, लावणारही नाही. ‘बाजार भव’ छापाचंही सोडतो, कारण त्यानं माणसं जमतात पण काम होत नाही. पण ‘कमीभाव’ सोडणार नाही. तो शब्द वाचून अडत्याचा फोन आला होता, ‘काढून टाक’ म्हणून. ‘हमीभाव मिळत नाही’ असं सरळ लिहिलं असतं तर आला नसता. सरळ वाक्य लोक वर्षानुवर्षं वाचून थकलेत.

आणि इहीर भाऊ, पोळ्याच्या आठवड्यात पेजवर फक्त झडत्या (पोळ्यात म्हणतात ती कवनं) ठेवतो. वऱ्हाडीतच, कोणी दुरुस्त केलं तर त्याला उत्तर तुम्ही द्यायचं.

इहीर

जमलं. उत्तर कायले, झडतीच घ्या. आमच्या गावात तोरनाखाली दोन बाजूंचे गडी एकमेकाले अशीच हाणते:

वावर वखरलं, सरकी टोबली, आलं बोंड,
भाव आयकून कास्तकाराचं उतरलं तोंड;
बोर्डावरचा ‘ह’ कोन्या उंदरानं कुरतडला,
हमीभावाचा कमीभाव गयात येऊन पडला.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव!

वेलांटी

‘गयात’ला काही म्हणत नाही. झडती चांगली आहे. दुसऱ्या बाजूचं उत्तर?

इहीर

ते पोळ्याले. तुमी या, उत्तर तुमच्याचकडून घेऊ.

सेतू_ताई

तिफनवाला दादा, एक विनंती. शब्दाची गंमत पहिल्या ओळीत आणि खरा आकडा दुसऱ्या ओळीत, असं करू नका. मोबाइल लॉक असताना पडद्यावर पहिले सात-आठ शब्दच दिसतात. माझ्याकडची बरीच मंडळी तेवढंच वाचून मोबाइल खिशात ठेवतात.

तिफनवाला

हे ध्यानात नव्हतं आलं, ताई. म्हणजे ‘दर्यापूर, तूर, आजचा भाव’ आणि आकडा आधी, मग खाली काय ती बोंब. उद्याची तुरीची पोस्ट तशीच टाकतो. तुमच्याकडच्या दोन-चार जणांना पडद्यावर किती दिसलं ते विचारून इथे लिहा.